युटा-अ‍ॅरिझोनाच्या लाल दऱ्यांमधून कारने: सहलीची आखणी कशी करावी

मुलगा डॅलसला, मुलगी न्यू जर्सीला, आणि आई-बाबा वडोदऱ्याहून दोन-तीन महिन्यांसाठी निघालेले. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, मांजलपूर इथली बरीच मराठी मंडळी सहल आखून घ्यायला आमच्याकडे येतात ती अशी. मनात बेत ठरलेला असतो: लास व्हेगासला उतरायचं, ग्रँड कॅनियन बघायचं, जमलं तर झायन आणि मोन्युमेंट व्हॅली, चार दिवसांत परत. अशा वेळी आम्ही नकाशा उघडायच्या आधी एक प्रश्न विचारतो. सकाळ कुठे हवी आहे आणि संध्याकाळ कुठे?

या भागातला लाल वालुकाश्म भर दुपारी फिकट आणि सपाट दिसतो. तोच दगड उन्हं कलली की पेटल्यासारखा होतो, एकेक थर वेगळा उठून दिसतो. म्हणून आम्ही आधी मुक्काम ठरवतो आणि रस्ता त्या मुक्कामांना जोडून घेतो. दुपार गाडीत गेली तरी चालते, सकाळ-संध्याकाळ गाडीत जाता कामा नये.

ब्राइस कॅनियनचं मुख्य खोरं पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथले दगडी सुळके, ज्यांना हूडू म्हणतात, सकाळच्या पहिल्या उन्हात आतून उजळल्यासारखे दिसतात. म्हणून ब्राइसला रात्र काढायलाच हवी. झायनहून दुपारी जाऊन परत येण्यात अर्धी मजा जाते. मोन्युमेंट व्हॅलीचं उलटं आहे. बघायची जागा त्या प्रचंड सुळक्यांच्या पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी ऊन त्यांच्या तोंडावर पडतं, आणि पहाटे नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दोन्ही हवं असेल तर तिथे एक रात्र राहा. पेज गावाजवळच्या हॉर्सशू बेंडला मात्र भल्या सकाळी जाऊ नका, नदीचं वळण सावलीत असतं. दहानंतर जा. अँटिलोप कॅनियनच्या वरच्या घळीत उन्हाचे झोत उतरतात ते उन्हाळ्याच्या महिन्यांत, माध्यान्हीच्या सुमारास; ती वेळ सगळ्यांनाच हवी असते, म्हणून तिकीट फार आधी घ्यावं लागतं.

आता रस्ता. दहा रात्री हाताशी असतील तर आमची पसंती अशी: लास व्हेगासहून झायनच्या दारातलं स्प्रिंगडेल, दोन रात्री. मग ब्राइस एक, कॅपिटल रीफजवळचं टोरी एक, मोआब दोन, मोन्युमेंट व्हॅली एक, पेज एक आणि शेवटी ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ दोन रात्री. सगळं मिळून दोन हजार किलोमीटरच्या आसपास, पण शेवटचा परतीचा टप्पा सोडला तर कुठल्याही दिवशी अडीचशे-पावणेतीनशेच्या वर गाडी चालवावी लागत नाही. सहाच रात्री असतील तर टोरी, मोआब आणि मोन्युमेंट व्हॅली खुशाल सोडा, ब्राइसहून सरळ पेजला उतरा. सगळं थोडं थोडं बघण्यापेक्षा हे बरं, असं आम्ही मनापासून सांगतो.

ब्राइस ते टोरी हा टप्पा घाईत उरकू नका. युटाचा बारा नंबरचा हा राज्यमार्ग सुमारे 200 किलोमीटरचा. एके ठिकाणी तो कड्याच्या अरुंद धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना खोल उतार. पुढे 2,900 मीटरच्या आसपास चढतो आणि तिथे वाळवंट संपून अ‍ॅस्पेनची झाडं लागतात. आमच्या मते या सहलीतला सगळ्यात सुंदर रस्ता हाच, ग्रँड कॅनियनच्या वाटेपेक्षाही. कॅपिटल रीफमध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागा पार्कने जपल्या आहेत. हंगामात चेरी, जर्दाळू, पीच, सफरचंद आपल्या हाताने तोडून तिथल्या तिथे खाता येतात.

हा रस्ता खालून वर, वरून खाली का जातो, हे थोडं माहीत असलं तर प्रवासाला वेगळीच गोडी येते. सगळा प्रदेश एका अवाढव्य जिन्यासारखा आहे. ब्राइसच्या तळाचा खडक म्हणजे झायनच्या माथ्याचा, आणि झायनच्या तळाचा म्हणजे ग्रँड कॅनियनच्या काठाचा. झायनचे उभे कडे हे मुळात वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, 18 कोटी वर्षांहून जुन्या. ग्रँड कॅनियनच्या तळाशी कोलोरॅडो नदीजवळ जो काळा खडक दिसतो, तो पावणेदोनशे कोटी वर्षांच्या घरातला आहे. लाल रंग लोहाचा, दगडात मुरलेल्या गंजाचा. ब्राइसचे हूडू मात्र कोरले बर्फाने: पाणी फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि दगड फुटत जातो.

नकाशावरचं अंतर इथे फसवं असतं. ग्रँड कॅनियनचे दक्षिण आणि उत्तर काठ हवेतून मोजले तर जेमतेम 16 किलोमीटरवर. गाडीने मात्र 340 किलोमीटर, साडेचार-पाच तास. दोन्ही काठ एकाच दिवशी करायचा आग्रह धरू नका. उत्तर काठ हिवाळ्यात बंदच असतो, आणि जुलै 2025 च्या वणव्यात तिथलं जुनं लॉजही जळून गेलं. पेजहून येताना कॅमेरॉनमार्गे पूर्वेच्या दारातून आत शिरा. 1932 मधला दगडी मनोरा तिथेच लागतो आणि पुढचे 40 किलोमीटर काठाकाठाने थांबत जाता येतं. पार्कच्या आतल्या खोल्यांचं बुकिंग 13 महिने आधी उघडतं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर त्याच्या आदल्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे या.

उंचीचा विचार घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी करायला हवा. अबूचं गुरुशिखर 1,722 मीटर. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ 2,100 मीटरच्या आसपास, आणि ब्राइसचा शेवटचा कठडा 2,778 मीटर. आपण वडोदऱ्याचे, समुद्रसपाटीपासून जेमतेम वर राहणारे. पहिल्या दिवशी धाप लागली तर घाबरू नका, पण रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनाही इथे भरपूर बघता येतं. झायनमध्ये नदीकाठची फरसबंद वाट आहे, ग्रँड कॅनियनच्या काठावर सपाट पायवाट आणि मोफत बस आहे. दरीत खाली उतरायचा मोह मात्र आवरा. उतरणं सोपं, चढणं अवघड, आणि तळाला काठापेक्षा दहा-अकरा अंश जास्त उकडतं.

मार्च ते नोव्हेंबर या काळात झायनच्या मुख्य खोऱ्यात खाजगी गाडी नेता येत नाही, शटल बसनेच जावं लागतं. आम्हाला ही व्यवस्था आवडते. मान वर करून कडे बघायला सगळेच मोकळे राहतात.

सर्वांत चांगले महिने एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. जुलै ते मध्य सप्टेंबर तिथला पावसाळा, आणि याबद्दल आम्ही कळकळीने सांगतो: तुमच्या डोक्यावर आकाश निळं असलं तरी अरुंद घळीत पूर येऊ शकतो. 12 ऑगस्ट 1997 ला अँटिलोपच्या खालच्या घळीत 11 पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर वर. आज तिथे नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या वाटाड्याशिवाय जाता येत नाही. वाटाड्याने फेरी रद्द केली तर वाद घालू नका.

घड्याळाचा घोळ दर वर्षी कुणाला तरी भोवतो. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं. नावाहो लोकांचा प्रदेश अ‍ॅरिझोनात असूनही करतो. म्हणजे मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत मोन्युमेंट व्हॅली पेजच्या एक तास पुढे. अँटिलोपच्या फेऱ्या पेजच्या वेळेने सुटतात. फोनवर विसंबू नका, तो सीमेजवळ वेळ उलटसुलट दाखवतो.

गाडीसाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो, पण मूळ लायसन्सही जवळ हवं. जो गाडी चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरा. ग्रीन रिव्हर ते सलाइना हा आय-70 महामार्गाचा तुकडा जवळजवळ 177 किलोमीटर, मध्ये पंप नाही, दुकान नाही. आमच्या आखणीत तो येत नाही, पण मुलं डेन्व्हरकडून येणार असतील तर येऊ शकतो. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण बऱ्याच पट्ट्यात नेटवर्क नसतं. अंधारात गाडी चालवू नका, हरणं आणि गुरं रस्त्यावर येतात. पाणी माणशी दिवसाला चार लिटर. मोआब सोडलं की शाकाहारी जेवण मिळणं कठीण, तेव्हा थेपले, मेतकूट, भाकरवडी सोबत असू द्या; विमानतळावरच्या फॉर्मात खाण्याचे पदार्थ मात्र न चुकता नोंदवा.

2026 पासून परदेशी पाहुण्यांसाठी नॅशनल पार्कांचा वर्षाचा पास 250 डॉलरचा झाला आहे. तिथे राहणाऱ्यांना तो 80 डॉलरला मिळतो. पास नसेल तर ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइसला नेहमीच्या शुल्कावर परदेशी प्रौढामागे 100 डॉलर जास्त. दोघांचे तीन पार्कांचे 600 होतात, म्हणून पासच परवडतो. मोन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप नावाहोंच्या जमिनीवर आहेत, तिथे हा पास चालत नाही, वेगळे पैसे धरा.

आमच्याकडे येताना व्हिसाची मुदत, मुलांच्या सुट्टीच्या तारखा आणि गाडी कोण चालवणार, एवढं ठरवून या. कुणाला किती चालवतं, तेही मोकळेपणाने सांगा, कारण मुक्काम त्यावरून बदलतात.