खांदा भरलाय की दुखावलाय?

भातकापणी आटोपून मळे सुकले की मालवण-देवगडकडे वाडीवाडीत खेळपट्ट्या आखल्या जातात, आणि पुढच्या पंधरवड्यात फिरकी टाकणारा एखादा पोरगा खांदा धरून माझ्यापुढे उभा राहतो. "सर, खांदो भरलो हा. गरम झाल्यार जाता." मागून कुणीतरी काका सांगतात, शीर भरली असेल, उंडेल (उंडीचं तेल) चोळ. हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. भरलेला खांदा वेगळा आणि दुखावलेला खांदा वेगळा. यात शिरेचा काहीही संबंध नसतो, तेव्हा ती शीर कृपा करून बाजूला ठेवा.

भरलेला खांदा सगळ्यांनी भोगलाय. लावणीच्या पहिल्या दिवसानंतर कंबर धरते, तीच जात. सवय नसलेलं काम स्नायूंनी केलं की ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त ठणकतात, दाबलं की सगळीकडे दुखतं, आणि चार-पाच दिवसांत आपोआप मोकळे होतात. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

दुखावलेल्या खांद्यात तक्रार बहुतेक वेळा कंडरेची, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोरीची असते. खांद्याची खोबण उथळ. त्यात दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवायला चार छोटे स्नायू भोवती आवळलेले असतात, त्यांच्या कंडरा हाडाला चिकटतात. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. चेंडू हातातून सुटल्यावर झोकात पुढे जाणाऱ्या हाताला मागून ब्रेक लावण्याचं कामही त्यांच्यातलेच करतात, प्रत्येक चेंडूला. स्नायू भराभर सावरतो, कंडरा मात्र सावकाश. ती सावरायच्या आत पुन्हा ताण पडत गेला की चिडते.

आता घोटाळा नेमका कुठे होतो ते सांगतो. "गरम झाल्यावर जातं, म्हणजे नुसतं आखडलंय" ही कसोटीच चुकीची आहे. भरलेला स्नायू हालचालीने मोकळा होतो, हे खरं. पण चिडलेली कंडरासुद्धा सुरुवातीच्या दिवसांत तसंच करते. पहिल्या षटकात बोचते, तिसऱ्यापर्यंत गप्प होते, आणि पोरगा खुशाल दहा षटकं टाकतो. गोलंदाजी चालू असताना ही दोन दुखणी वेगळी ओळखता येतच नाहीत. फरक कळतो तो खेळ संपल्यावर. त्या रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? सकाळी खांदा कालच्यापेक्षा बरा आहे की वाईट? भरलेला खांदा रोज थोडा सुटत जातो. दुखावलेला प्रत्येक सरावानंतर एक पायरी खाली उतरतो, आणि गरम व्हायला आज तीन चेंडू लागले तर पुढच्या आठवड्यात तीन षटकं लागतात.

माझ्याकडे सोळा वर्षांचा एक लेगस्पिनर होता. तीन आठवडे "भरलो हा" म्हणत टाकत राहिला आणि मीही टाकू दिलं. मग एकदा सामन्याला जाताना एसटीत त्याने वरचा दांडा धरायला हात बाजूने उचलला आणि अर्ध्यावरच तोंड वाकडं केलं. हात पूर्ण वर गेल्यावर कळ कमी झाली. साधारण साठ ते एकशेवीस अंशांच्या टापूत कळ आणि तिच्या वर-खाली आराम, हे कंडरेच्या दुखण्याचं ओळखीचं लक्षण. अंघोळीला पाठीवर तांब्या ओतताना दुखतं का, असं विचारलं. म्हणाला, "महिनो झालो." त्या दिवसापासून मी पहिला प्रश्न तांब्याचाच विचारतो.

आणखी एक. कंडरेचं दुखणं बऱ्याचदा खांद्याच्या टोकावर नाही, तर चार बोटं खाली दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं. मग सगळे तिथेच रगडतात. उंडेल लावा, बरं वाटत असेल तर हरकत नाही, पण त्याने कंडरा सुधारत नाही. शेक की बर्फ, यावर वाद घालू नका, आराम पडेल ते घ्या. मला खरा राग आहे तो सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरण्याचा. सकाळपर्यंत मिळणारी एकुलती एक खूण ती गोळी पुसून टाकते.

"फिरकीला काय जोर लागतो?" असं विचारणाऱ्यांना सांगतो, शेन वॉर्नच्या खांद्यावर 1998 मध्ये शस्त्रक्रिया झाली, मुरलीधरनच्या 2004 मध्ये. षटकांचं बंधन घालतात ते वेगवान गोलंदाजांना. फिरकीवाल्याला नेटमध्ये कुणी मोजत नाही, तो टाकत बसतो. त्यात आपल्याकडे पावसाचे चार महिने हात रिकामा, आणि नंतर एकदम रोज दीडशे चेंडू. शिवाय टेनिसचा चेंडू 58 ग्रॅमच्या आसपास आणि लेदरचा 160 च्या. वाडीतल्या स्पर्धेतून उचलून पोराला थेट लेदरवर घालणं मला अजिबात मान्य नाही. महिनाभर दोन्ही मिसळून टाकू द्या.

शैलीत एकच गोष्ट पाहा. पाग, म्हणजे हाताने फेकायचं मासळीचं जाळं, टाकणारा खाडीत कसा फिरतो? आधी कंबर, मग खांदा, हात शेवटी. पुढच्या पायावर अंग न फिरवता जो नुसत्या खांद्याने चेंडू वळवायला जातो, त्याच्या कंडरेवर सगळा भार येतो.

दुखावलाच, तर हात गळ्यात बांधून बसू नका. चेंडू निम्मे करा, एक दिवसाआड टाका, दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ देऊ नका आणि दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नसावं. कोपर बरगडीला टेकवून रबरी पट्टा बाहेर ओढायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सावकाश सोडायचा. पाठीच्या फऱ्याचे स्नायूही वल्हं मागे खेचल्यासारखे ओढून बळकट करा. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा. काडकन आवाज होऊन हात उचलेनासा झाला किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी. चाळिशीपुढच्या कुणाला खांदेदुखीबरोबर घाम किंवा धाप लागली, तर क्रिकेट विसरून आधी दवाखाना.

माझी पोरं आता श्रावणातच सुरुवात करतात. शाळेच्या पडवीत, आठवड्यातून दोनदा, चोवीस चेंडू. दर आठवड्याला बारा वाढवायचे, वहीत लिहायचे, आणि पुढच्या रकान्यात दुसऱ्या सकाळी खांदा कसा होता ते.