जुनी गाडी, नवी गाडी आणि १५ वर्षांचा घोळ

नागपुरात जुन्या-नव्या गाडीची तुलना निघाली की गोष्ट मे महिन्यावर येतेच. कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळायची जुनी सोय असलेली) पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, भर दुपारी वर्धा रोडवर बंद पडायची, कारण उन्हाने पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची, मग बोनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आन थांबायचं. आता पंप टाकीतच असतो, पेट्रोल प्रेशरने येतं, पंचेचाळीस डिग्रीतही गाडी एका चावीत सुरू.

फियाट-ॲम्बेसेडरचा जमाना सगळ्यांना माहीत आहे. १९८३ च्या डिसेंबरात ७९६ सीसीची मारुती आली तेव्हा गाडी छोटी झाली, पण आतून खरी बदलली ती धुराच्या नियमांमुळे. फेब्रुवारी २००० पासून शिसंवालं पेट्रोल देशभर बंद झालं, कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं, आणि एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ हे धुराचे कडक नियम.

खरा घोळ आहे तो '१५ वर्षांचा'. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं लोक अजून छातीठोक सांगतात. अहो, ते दिल्लीकडचं आहे, तिथे कोर्टाच्या आदेशाने दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरावरचं पेट्रोल अडवलं. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरसीची, म्हणजे नोंदणीच्या कागदाची, मुदत संपते, गाडीची नाही. तपासणी करायची, पर्यावरण कर भरायचा, पुढची पाच वर्षं मिळतात. २०२१ च्या स्क्रॅप धोरणातही खासगी गाडीचं वय नाही, फिटनेस बघायचा आहे. पण मेसेज असे फिरले की ओळखीतल्या एकांनी ठणठणीत चालणारी गाडी भंगाराच्या भावात देऊन टाकली, मला अजून वाईट वाटतं. त्यात नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. म्हणजे बंदी नाही, पण जुनी गाडी ठेवणाऱ्याला नकोसं करून टाकायचं, हे मला पटत नाही. जपून वापरलेली गाडी आणि रगडलेली गाडी, दोघींना एकच फी काहून?

नवी गाडी सुरक्षित आहे, यात वादच नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅगचं नाव नाही, नव्या कारला २०२२ पासून पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या गर्दीत जुनी गाडी घालूच नये. पण गावातल्या गावात, बर्डीच्या बाजारापर्यंत जाऊन यायला ती आजही पुरते.

जुनी गाडी विंटेज, म्हणजे जपून ठेवलेली ऐतिहासिक गाडी, म्हणून नोंदवायची सोय आहे, पण त्यासाठी ५० वर्षं पूर्ण लागतात, २०,००० फी, 'व्हीए'वाला वेगळा नंबर, आणि ती गाडी रोज काढता येत नाही. शेवटच्या पद्मिनी २००० च्या आसपास बनल्या. त्यांना तो नंबर मिळायला २०५० उजाडेल, तोवर दर पाच वर्षांनी तपासणी, कर आणि दहा हजार.