अ‍ॅम्पचे वॅट आणि स्पीकरचे वॅट

"मामा, अ‍ॅम्प ५० वॅटचा, स्पीकर १०० वॅटचे. मग ट्वीटर जळालेच कसे?" लातूरहून भाच्याचा फोन. अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आणि ट्वीटर म्हणजे स्पीकरच्या डब्यातला बारीक, वरच्या पट्टीचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर. हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

अ‍ॅम्पचे वॅट म्हणजे तो किती देऊ शकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ८ ओहम (ओहम म्हणजे स्पीकर करंटला करतो तो अडथळा), २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ (म्हणजे कानाला ऐकू येणारी सगळी पट्टी), डावं-उजवं दोन्ही चॅनेल चालू असतानाचा आकडा मागा. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, सांगणाऱ्या दुकानातून मी सरळ उठतो.

घोळ आहे तो स्पीकरच्या वॅटांत. स्पीकर वॅट देत नाही, सोसतो. उसाची ट्रॉली किती टन पेलते आणि ट्रॅक्टर किती एचपीचा, यात आपल्याकडे शेंबडं पोरही गल्लत करत नाही. मोठी ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा जोर वाढतो का? तसंच १०० वॅटचा स्पीकर ८० वॅटवाल्यापेक्षा मोठ्यानं वाजेलच असं नाही. ते ठरतं सेन्सिटिव्हिटीवर: एका वॅटला, एक मीटरवर किती डेसिबल. आवाज ३ डेसिबलनं चढवायचा तर वॅट दुप्पट लागतात. ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८४ वाल्याला २०० वॅट हवेत. हा आकडा दुकानात कुणी विचारतच नाही!

आता जळालेला ट्वीटर. इथं ट्रॅक्टर सोडून द्या, ती उपमा इथवरच चालते. अ‍ॅम्पला कुवतीबाहेर रेटलं की लहरींचे माथे सपाट कापले जातात. असे माथे पार कापले गेले की ५० चा अ‍ॅम्प जवळजवळ १०० वॅट ओकू शकतो, आणि त्यात वरच्या पट्टीचा, म्हणजे ट्वीटरकडे जाणारा, वाटा वाढलेला असतो. स्पीकरवरचे १०० वॅट अख्ख्या डब्याचे; ट्वीटरची केसासारख्या तारेची कॉईल त्यातले थोडेच सोसते. म्हणून १०० च्या स्पीकरला मी १५० चा स्वच्छ अ‍ॅम्प लावीन आणि नॉबवरचा हात आवरीन.

ओहमचं एवढंच: ४ ओहमचा स्पीकर ८ वाल्याच्या साधारण दुप्पट करंट ओढतो. अ‍ॅम्पच्या पाठीवर किमान ओहम छापलेला असतो, तो बघा. आणि अ‍ॅम्प तापतो, मे महिन्यात त्याला शोकेसमध्ये कोंडू नका.

भाचा म्हणतो, ५० चाच ठेवतो. ठेव बापा. आवाज चिरकायला लागला की नॉब मागं घे, मग पोरं कितीही ओरडोत.