सांतियागोचं धुपाटणं आणि नागपंचमीचा झोका

गेल्या आठवड्यात एका नातेवाइकांनी व्हिडिओ पाठवला. एका भव्य चर्चच्या छताला टांगलेलं अवजड धुपाटणं धूर सोडत या टोकापासून त्या टोकापर्यंत झेपावतंय आणि खाली माणसं माना वर करून बघतायत. सोबत मजकूर: ‘ना मोटर, ना वीज, कुणी ढकलतही नाही. ही श्रद्धेची ताकद!’

मोटर नाही, हे खरं. कुणी ढकलत नाही, हेही जवळजवळ खरं. पण आठ माणसं घाम गाळत दोर ओढतायत, ती व्हिडिओच्या चौकटीबाहेर राहिली होती.

हे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं सांतियागो दे कोम्पोस्तेलाचं कॅथेड्रल. शेकडो किलोमीटर चालत येणाऱ्या यात्रेकरूंचा प्रवास इथे संपतो. धुपाटण्याचं नाव बोटाफुमेइरो, म्हणजे धूर फेकणारं. सध्याचं धुपाटणं १८५१ सालचं, चांदीचा मुलामा दिलेलं पितळी. त्याआधीचं चांदीचं नेपोलियनच्या सैन्याने पळवलं. उंची साधारण दीड मीटर, वजन पन्नास किलोंच्या वर. ते रोज हलत नाही. ठरावीक सणांना, किंवा कुणी देणगी देऊन विनंती केली तर. दोर ओढणाऱ्यांना तिथे टिराबोलेइरो म्हणतात.

हे लोक करतात काय? धुपाटणं झोक्याच्या तळाशी आलं की दोर ओढून ते सुमारे तीन मीटर वर घ्यायचं आणि टोकाला पोचलं की दोर परत सैल सोडायचा. बस्स. वर सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा लोखंडी रहाट आहे. त्यात लहान-मोठ्या व्यासांचे रूळ असल्याने हातातला दोर थोडा सरकला तरी धुपाटणं बरंच उचललं जातं.

पण वर-खाली करून ते बाजूला कसं झुलतं? उभ्याने झोका घेणाऱ्या पोरीला आठवा. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर ती टोकाला गुडघे मोडून बसते आणि तळाशी ताडकन उभी राहते. उभं राहिल्यावर तिचा गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे लंबक आखूड होतो. युक्ती तीच, फक्त इथे लंबकाची लांबी वीसेक मीटर.

तळाशी दोराचा ताण बरोबर टांगणीच्या बिंदूतून जातो, त्यामुळे ओढल्याने कोनीय संवेग बदलत नाही. म्हणजे वेग गुणिले लांबी कायम. लांबी २० मीटरवरून १७ झाली, की वेग २० भागिले १७ पट, म्हणजे जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पुढे टोकाला दोर सोडला की लांबी परत २० होते, कोन तोच राहतो, आणि खाली येताना त्याच गुणोत्तराचा आणखी एक घटक मिळतो. एकूण ऊर्जा २०/१७ च्या घनाने, म्हणजे दर अर्ध्या झोक्याला १.६ पटीहून थोडी जास्त. पाच ओढींत अकरा पट! हवेचा विरोध आणि ओढायला लागणारा वेळ यांमुळे प्रत्यक्षात वाढ कमी होते, पण चाल चक्रवाढ व्याजाचीच.

ही ऊर्जा येते कुठून? माणसांच्या दंडांतून. मोठ्या झोक्यात तळाशी धुपाटणं आपल्या वजनाच्या अडीच पटींहून जास्त जोराने दोराला ताणतं, तर टोकाला दोर जवळपास निर्जीव असतो. जड असताना ओढायचं, हलकं असताना सोडायचं. कामातला हा फरक झोक्यात जमा होतो.

गंमत अशी, की मुद्दल शून्य असेल तर चक्रवाढ व्याजही शून्य. स्थिर लटकणारं धुपाटणं दिवसभर ओढलं तरी नुसतं विहिरीतल्या पोहऱ्यासारखं वर-खाली होईल. म्हणून सुरुवातीला एक जण त्याला हाताने हलका धक्का देतो. ‘जवळजवळ’ म्हणालो ते त्यासाठी. पुढे सुमारे दीड मिनिटात ते ८० अंशांपर्यंत चढतं आणि तळाशी वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर जातो. स्पॅनिश शास्त्रज्ञ हुआन सानमार्तीन यांनी १९८४ मध्ये याचं सविस्तर गणित मांडलं. योग्य क्षणी लांबी बदलून झोका वाढवण्याच्या या तंत्राला पॅरामेट्रिक पंपिंग म्हणतात. टिराबोलेइरोंनी हे तंत्र शतकानुशतकं हातानेच शिकलं आणि पुढच्या पिढीला शिकवलं.

हे सगळं कशासाठी, तर दमलेल्या, न आंघोळलेल्या यात्रेकरूंचा वास झाकायला आणि रोगराई पळवायला, असं सांगतात. वासाचं ठीक आहे. प्लेगचा जंतू मात्र मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, उदाच्या धुराला तो दाद देत नाही. आणि धूर करून हवा शुद्ध होते असं आपल्याकडेही छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी: जळती राळ हवेत सूक्ष्म कण सोडते, काढून घेत नाही.

१६२२ मध्ये दोर तुटून धुपाटणं खाली कोसळलं होतं. आता ओढणं थांबवलं की हवेच्या विरोधाने झोके लहान होत जातात. शेवटी एक टिराबोलेइरो पुढे होतो, जाणारं धुपाटणं दोन्ही हातांनी कवटाळतो आणि त्याच्यासोबत स्वतःभोवती एक गिरकी घेऊन ते थांबवतो.