चिस्तू गुहेतून आलेली नाही

स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क लोकांची चिस्तू ही तीन छिद्रांची बासरी अश्मयुगीन, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पुरावा म्हणून फ्रान्समधल्या इस्तुरित्सच्या गुहेत १९२१ साली सापडलेल्या तीन छिद्रांच्या हाडाकडे बोट दाखवतात. पण ते गिधाडाचं हाड मोडकं आहे! तिथल्याच जास्त शाबूत बासऱ्यांना चार छिद्रं आहेत, म्हणजे याला मुळात तीनच होती असं म्हणता येत नाही.

चिस्तूच्या तीन छिद्रांचं कारण वेगळंच. वरची दोन छिद्रं तर्जनी आणि मधल्या बोटाने, मागचं अंगठ्याने. सगळं डाव्या हातानं. उजवा हात ढोलावर काठी मारायला मोकळा. अशी एकहाती जोडी मध्ययुगात इंग्लंड-फ्रान्समध्येही वाजायची. बास्क गावांनी ती टिकवली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आजही लग्नात मानाचा आउरेस्कू नाच तिच्याच सुरावर होतो.