चार वाट्या आण

डिसेंबरातली संध्याकाळ. नागपुरातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरात वटाणे सोलणं चाललं होतं. साडेतीन वर्षांची पुतणी वीसपर्यंतचे आकडे घडाघड म्हणते. पाहुणे आले की तो कार्यक्रम होतोच. तिला म्हटलं, "चार वाट्या आण न." ती गेली आणि हाताला लागतील तेवढ्या घेऊन आली. सात होत्या. "चार आहेत का या? मोज बरं." तिनं एकेका वाटीवर बोट ठेवत बिनचूक मोजलं, एक ते सात. "मग चारच आणल्या?" "हो न, काका!"

आजीला हसू आलं, वहिनीला काळजी वाटली. काळजीचं काही कारण नव्हतं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990च्या सुमारास नेमकं हेच तपासलं होतं. खेळण्यांच्या ढिगातून "तीन दे", "पाच दे" असं लहान मुलांना सांगायचं आणि ती काय देतात ते पाहायचं. आकडे पाठ असलेली मुलंसुद्धा सुरुवातीला फक्त "एक" बरोबर देत. बाकी कुठल्याही आकड्याला मूठभर. काही महिन्यांनी "दोन" जमायचं, आणखी काही महिन्यांनी "तीन". मग साडेतीन-चार वर्षांच्या आसपास अचानक उलगडा व्हायचा, की मोजताना शेवटी म्हटलेला आकडा हीच एकूण वस्तूंची संख्या. तोवर एक, दोन, तीन, चार हे मुलांना "अडगुलं मडगुलं"सारखंच असतं: म्हणायला गोड, अर्थाशी देणंघेणं नाही.

हा उलगडा लवकर व्हावा म्हणून काय करता येईल? पाढ्यांची रंगीत चार्टं विकत घेण्याआधी शिकागो विद्यापीठातल्या सुझन लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम पाहावं. त्यांनी 44 मुलांच्या घरी, मुलं 14 महिन्यांची असल्यापासून 30 महिन्यांची होईपर्यंत, पाच वेळा जाऊन दीड-दीड तास चित्रण केलं. आईबाप नेहमीचं आयुष्य जगत होते. त्या साडेसात तासांत एका घरात संख्यावाचक शब्द जेमतेम 4 वेळा आला, तर दुसऱ्या एका घरात 257 वेळा! ज्या मुलांच्या कानावर हे शब्द जास्त पडले, त्यांना पावणेचार वर्षांच्या सुमारास संख्येचा अर्थ जास्त कळत होता. घरची सांपत्तिक स्थिती आणि एकूण बोलकेपणा हिशेबात धरूनही हा फरक उरला.

पुढच्या तपासणीत आणखी एक बारकावा निघाला. नुसते आकडे बोलून फारसा उपयोग नव्हता. समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल बोलायला हवं, आणि तेही चार ते दहा अशा जरा मोठ्या संख्यांबद्दल. कारण सोपं आहे. तीनपर्यंतच्या वस्तू आपला डोळा न मोजता ओळखतो. मोजण्याची गरज त्यापुढे पडते.

इथे नागपूरकरांची चैन आहे. संत्र्याची साल इतकी सैल, की तीन वर्षांचं पोट्टंही ती सोलू शकतं, आणि आत साधारण दहा-अकरा फोडी. मात्र बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. "या दहा फोडी" असं आधी सांगायचं आणि लगेच त्याच मोजून दाखवायच्या. एका प्रयोगात असं जोडून सांगितल्यावर साडेतीन वर्षांच्या मुलांना अर्थ लवकर लागला. नुसतं मोजून किंवा नुसता आकडा सांगून तेवढा लागला नाही. पोळ्या, चपलांचे जोड, कूलरमध्ये ओतायच्या बादल्या, काहीही चालेल. फक्त प्रत्येक घासाला परीक्षा घेऊ नका. आमच्याकडे दोन दिवस तसं झालं आणि पोरीनं संत्रंच नको म्हटलं.

मराठी मुलांची खरी कसोटी दहाच्या पुढे आहे. चिनी भाषेत अकराला सरळ "दहा-एक" म्हणतात. अमेरिकन आणि चिनी मुलांची तुलना केली तेव्हा दहापर्यंत दोघंही सारखीच होती. अकरापासून अमेरिकन मुलं मागे पडू लागली. आपलं तर इंग्रजीहून अवघड. लिहिताना आधी दोन आणि मग तीन, म्हणताना मात्र तेवीस, म्हणजे तीन आधी. एकोणीस म्हणजे वीसला एक उणा. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात "वीस तीन" अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला विचाराल तर घरात दोन्ही असू द्यावं. तेवीस म्हणजे वीस आणि तीन, हे जिन्याच्या पायऱ्या चढताना सांगितलं म्हणून भाषा बुडत नाही.

उलट अपूर्णांकांत मराठी मूल भाग्यवान. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द आपल्याकडे आयते आहेत, आणि ते शाळेच्या कितीतरी आधी बाजारात भेटतात. रविवारी गोकुळपेठेत भाजी घेताना मी मुद्दाम मोठ्यानं सांगतो: पाव किलो वटाणे, दीड किलो आलू, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) दोन जुड्या. मग पिशव्या तिच्या हातात देऊन विचारतो, जड कुठली? पावची पिशवी ती स्वतः उचलते, दीडची माझ्याकडे ढकलते.

आता जेवताना ती "दीड पोळी" मागते. एक अख्खी आधी संपवते, मग दुसरीचे दोन तुकडे करायला लावते आणि त्यातला मोठा उचलून म्हणते, "हा माझा अर्धा."