चाकांवरून आलेला डायनर

अमेरिकेतल्या जुन्या रस्त्यांवर एखादा चकाकत्या पत्र्याचा डायनर, म्हणजे काउंटरवर बसून खायची छोटी खाणावळ, अजून तग धरून असतो. लोक वाट वाकडी करून तिथे जातात, काउंटरपाशी बसून कॉफी मागवतात आणि 'जुना काळ' आठवतात. हा जुना काळ बहुतेकांच्या मनात १९५०च्या दशकाचा असतो. डायनर मात्र घोडागाडीच्या जमान्यातला आहे.

१८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट (त्याच नावाचा स्कॉटिश कादंबरीकार नव्हे!) नावाच्या गृहस्थाने घोडागाडीतून रात्री सँडविच, अंडी, 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि कॉफी विकायला सुरुवात केली. खाणावळी संध्याकाळीच बंद होत आणि छापखान्यातले रातपाळीचे कामगार उपाशी राहत. विकणारा गाडीत आणि गिऱ्हाईक रस्त्यावर, पावसात किंवा बर्फात उभं. पुढे १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला सॅम्युएल जोन्सने गिऱ्हाइकाला आत घेणारी गाडी आणली. सकाळ झाली की गाड्या रस्त्यावरून हटवा, असा दंडक शहरोशहरी आला, तेव्हा मालकांनी सरळ मोकळ्या जागा धरून त्या तिथेच कायमच्या उभ्या केल्या.

या गाड्यांची हळहळ वाटणारा पहिला बडा माणूस बहुधा हेन्री फोर्ड असावा. डेट्रॉइटच्या वीज कंपनीत नोकरीला असताना तो रात्री ज्या 'आऊल' गाडीवर खायचा, तीच त्याने १९२७ मध्ये विकत घेतली आणि आपल्या संग्रहालयात ठेवली. घोड्यांना रस्त्यावरून हटवण्यात ज्याचा मोठा हात, त्यानेच ही घोडागाडी जपावी, यातली गंमत सुटू नये.

डायनर म्हणजे आगगाडीचा जुना डबा, हा समज मात्र बहुतेक वेळा चुकीचा. मोडीत निघालेल्या घोड्यांच्या ट्रामगाड्यांत काहींनी खाणावळी थाटल्या हे खरं, पण नावाजलेले डायनर कारखान्यात घडले. १९०६ साली सुरू झालेली वूस्टर लंच कार कंपनी पत्र्यावर एनॅमलचा काचेसारखा लेप चढवून डायनरचं नावही त्यातच भाजून द्यायची. तयार डायनर रस्त्याने किंवा रेल्वेने जागेवर न्यायचा, म्हणून तो अरुंद. आत एकच लांब काउंटर, जमिनीला पक्की केलेली स्टुलं आणि पलीकडे तवा. गर्दी नसेल तेव्हा एकटा माणूस स्वयंपाक, वाढणं आणि गल्ला सांभाळू शके. बायकांनी यावं म्हणून १९२०च्या दशकात टेबलं आणि बाकं आली. १९३०च्या दशकात धावत्या आगगाडीसारख्या निमुळत्या तोंडाचे डायनर निघाले आणि युद्धानंतर स्टेनलेस स्टीलचा झगमगाट.

आठवणींत सहसा न येणारी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हे काउंटर सगळ्यांना खुलं नव्हतं. १९६१ मध्ये मेरीलँडमधल्या रूट ४० या महामार्गावर आफ्रिकेतल्या चाड देशाच्या राजदूताला, तो काळा म्हणून, एका डायनरमध्ये कॉफी नाकारली गेली. केनेडी सरकारची जगभर नाचक्की झाली. वर्णावरून गिऱ्हाईक परतवायला देशभर कायद्याने बंदी आली ती १९६४ साली. तेव्हा 'सगळे शेजारी शेजारी बसून खायचे' असं कुणी हळवं होऊन सांगू लागलं, तर 'सगळे म्हणजे कोण?' असं विचारावं.

तोवर धंद्याला उतरती कळा लागली होती. १९५५ मध्ये रे क्रॉकने इलिनॉयमध्ये मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि पुढच्याच वर्षी आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. नवे रस्ते गावांना वळसा घालून गेले आणि जुन्या रस्त्यांवरची वाहनं आटली. वूस्टरच्या कंपनीने १९५७ मध्ये शेवटचा डायनर बनवला. न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडे मात्र ग्रीक कुटुंबांनी हा धंदा उचलून धरला आणि डायनर ऐसपैस झाले, मेनूकार्डांची पुस्तकं झाली.

१९७८ साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या 'मॉडर्न डायनर'ची राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत नोंद झाली. हा मान मिळालेला तो पहिला डायनर. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसला 'जॉनी रॉकेट्स' सुरू झालं, तेव्हा तर काउंटर, स्टुलं आणि ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं वाजवायचं यंत्र) असा जुना थाट नव्याकोऱ्या दुकानात मांडून त्याची साखळीच उभी राहिली.